जुनं सोशल नेटवर्क सोडून लोक नव्याकडे जातात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठलंही नवं नेटवर्क आलं की तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. विचारणाऱ्यांत काही जण नवं नेटवर्क बांधणारे असतात, पण बहुतेक साधे वापरणारे असतात, जावं की थांबावं या विचारात अडकलेले. मी पक्षीनिरीक्षकांच्या एका ऑनलाइन ग्रुपची अ‍ॅडमिन आहे. आमचं बिऱ्हाड दोनदा हललं, एकदा फसलं आणि एकदा जमलं. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आणि उत्तरं देताना मी माझं मत लपवणार नाही.

थोडक्यात सांगा, नवं नेटवर्क जुन्याचे युजर खेचू शकतं का?

हो, आणि हे अनेकदा घडलंय. फ्रेंडस्टरची माणसं मायस्पेसकडे गेली, मायस्पेसची फेसबुककडे, डिगची रेडिटकडे. पण जुन्याच्या दारात उभं राहून ‘आम्ही जास्त चांगले, आमच्याकडे या’ अशी हाक मारून यातलं कुणी जिंकलेलं नाही. माणूस एकटा येत नाही. त्याचा गोतावळा आला तर तो टिकतो, गोतावळा मागे राहिला तर चार दिवसांत परततो. खालची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

नवं नेटवर्क खरोखरच चांगलं असलं तरी लोक का जात नाहीत?

कारण सोशल नेटवर्कवर आपण सॉफ्टवेअर थोडं वापरतो आणि माणसं जास्त. फोटो सुधारायचं नवं अ‍ॅप आवडलं तर मी ते आज घेते, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. नव्या नेटवर्कवर एकटी गेले तर मला दिसतं ते रिकामं पान आणि ‘मित्र शोधा’ असं सांगणारं बटण.

हिशेब करून पाहा. १० माणसांच्या जोड्या ४५ होतात, १०० माणसांच्या ४,९५०. माणसं दहापट, जोड्या एकशे दहापट. संगणक एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेट तंत्राच्या जनकांपैकी एक असलेल्या रॉबर्ट मेटकाफ यांच्या नावानं ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: नेटवर्कचं मोल सभासदसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. हा नियम शब्दशः घेऊ नये असं मला वाटतं, कारण सगळ्या जोड्या सारख्या मोलाच्या नसतात. माझ्या फोनमध्ये शेकडो नंबर आहेत, पण रोज ज्यांच्याशी बोलणं होतं ती माणसं दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. नव्या नेटवर्कला आशा आहे ती इथेच. मला थांबवायला त्याला कोट्यवधी लोक आणावे लागत नाहीत, माझी ती आठ-दहा आणली की झालं. अडचण अशी की त्या आठ-दहांतल्या प्रत्येकाची आपापली वेगळी आठ-दहा असतात, आणि ही साखळी कुठे संपत नाही.

त्यात जुन्या जागेवर बसलेली घडी असते. दहा वर्षांचे फोटो, जमवलेले फॉलोअर, कुणाचं काय आवडतं याचा अंदाज, एखादा जुना मित्र ज्याचा दुसरा कुठलाच पत्ता आपल्याकडे नाही. हे सगळं सोडून जायचं तर कारण तेवढंच जबर लागतं.

मग फ्रेंडस्टर आणि मायस्पेससारखी मोठी नेटवर्कं पडली कशी?

दोघांच्या पडण्यात मोठा वाटा त्यांच्या स्वतःच्या चुकांचा आहे. प्रतिस्पर्धी त्या वेळी शेजारी तयार होता, एवढंच.

फ्रेंडस्टर २००२ मध्ये सुरू झालं आणि बघता बघता फुगलं. कोण कुणाच्या मित्राच्या मित्राचा मित्र आहे याचा हिशेब ते दर वेळी मांडत बसे, आणि गर्दी वाढली तसे सर्व्हर मान टाकू लागले. पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून जायचा. २००३ मध्ये आलेल्या मायस्पेसवर पान पटकन उघडायचं, शिवाय ते हवं तसं रंगवता यायचं आणि गाणी लावता यायची. न्यूज कॉर्पोरेशननं २००५ मध्ये मायस्पेस ५८ कोटी डॉलरला घेतलं. पुढच्याच वर्षी गूगलशी ९० कोटी डॉलरचा जाहिरात करार झाला आणि तो पुरा करण्यासाठी पानांवर जाहिरातींची दाटी झाली. लोकांनी स्वतः सजवलेली पानं आधीच जड झाली होती. २००९ मध्ये अमेरिकेत फेसबुक पुढे गेलं आणि २०११ मध्ये मायस्पेस सुमारे साडेतीन कोटी डॉलरला विकलं गेलं.

फ्रेंडस्टरचं एका अर्थी शवविच्छेदनही झालंय. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये तिथल्या मैत्रीच्या धाग्यांचा अभ्यास मांडला. सोप्या भाषेत सांगायचं तर असं: नेटवर्क वापरायचा त्रास वाढला की ज्यांचे तिथे मोजकेच मित्र असतात ते आधी निघतात. ते गेल्यामुळे दुसऱ्या कुणाचे मित्र कमी पडतात, मग तेही निघतात. भिंतीतली एक वीट निसटली की वरची सैल व्हावी, तसं. म्हणून एखादं नेटवर्क किती मोठं आहे यापेक्षा ते आतून किती घट्ट विणलेलं आहे हे मला महत्त्वाचं वाटतं. लाखो माणसं एकेका धाग्यावर लोंबकळत असतील तर मोठेपणा कामाला येत नाही.

युरोपातही अशी उदाहरणं आहेत. नेदरलँड्समध्ये हायव्हज आणि हंगेरीत आयविव ही देशी नेटवर्कं घराघरांत होती. २०१३ आणि २०१४ मध्ये ती अनुक्रमे बंद झाली, लोक फेसबुकवर गेले होते. ज्यांची नाती देशाबाहेरही होती त्यांना देशापुरतं नेटवर्क तोकडं पडू लागलं, असं मला यातून दिसतं.

फेसबुकनं नेमकं काय वेगळं केलं?

ते लहान राहिलं. ४ फेब्रुवारी २००४ रोजी ते फक्त हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी उघडलं आणि पहिल्या महिन्यातच तिथल्या निम्म्याहून अधिक पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी नाव नोंदवलं. म्हणजे एका हार्वर्डच्या मुलीच्या नजरेतून पाहिलं तर तिचं सगळं जग तिथे हजर होतं, जरी जगाच्या हिशेबात ते नेटवर्क चिमुकलं होतं.

मग कोलंबिया, स्टॅनफर्ड आणि येल. गंमत म्हणजे या ठिकाणी विद्यार्थ्यांची स्वतःची ऑनलाइन नेटवर्कं आधीपासून होती. स्टॅनफर्डमधलं क्लब नेक्सस ज्यानं बांधलं तो ऑर्कुट बुयुक्कोक्तेन, ज्याच्या नावानं पुढे गूगलचं ऑर्कुट आलं. फेसबुक मुद्दाम अशा जागी उतरलं आणि तिथे जम बसतो का ते त्यानं पाहिलं. सर्वांसाठी दार उघडलं ते सप्टेंबर २००६ मध्ये, अडीच वर्षांनी. तोवर एकेक कॉलेज भरत गेलं होतं. मायस्पेसच्या कोट्यवधी युजरांना कुणी ‘ते सोडा’ म्हणालं नाही. कॉलेजची मुलं फेसबुकवर होतीच, त्यांनी हळूहळू मायस्पेसकडे जायचं थांबवलं.

नवं काही बांधणाऱ्यांना मी नेहमी हाच भाग पुन्हा वाचायला सांगते. शंभर गावांत एकेक माणूस असण्यापेक्षा एका गावात शंभर माणसं असणं केव्हाही बरं.

गूगलसारखी कंपनी पाठीशी असताना गूगल प्लस का फसलं?

पैसा, अभियंते, आणि जीमेल-यूट्यूबमुळे आधीच हाताशी असलेले कोट्यवधी लोक, सगळं होतं. २८ जून २०११ रोजी ते आलं तेव्हा ‘सर्कल’ ही त्याची कल्पनाही चांगली होती: घरचे वेगळे, कामाचे वेगळे, मित्र वेगळे. मला ती आजही आवडते.

पण आपली माणसं गटांत वाटत बसणं हे काम झालं, आणि ते केल्यावर बोलायला समोर कुणी नव्हतं. गूगलनं मग लोकांना ढकलायला सुरुवात केली. २०१३ मध्ये यूट्यूबवर कॉमेंट करायलाही गूगल प्लस लागू लागलं. खाती वाढली, राग वाढला, वावर वाढला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये कंपनीनंच सांगितलं की तिथल्या ९० टक्के भेटी पाच सेकंदांहूनही कमी टिकतात. म्हणजे माणूस दारातून डोकावून मागे फिरत होता. २ एप्रिल २०१९ रोजी ते सर्वसामान्य युजरांसाठी बंद झालं.

याच गूगलचं ऑर्कुट ब्राझील आणि भारतात गाजलं होतं, कारण तिथे मित्र मित्रांना बोलावत होते. तेही फेसबुकपुढे टिकलं नाही आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. ज्यांनी तिथे स्क्रॅप लिहिले त्यांना त्याची हळहळ अजून वाटते.

पाच दिवसांत दहा कोटी खाती उघडली तर ते जिंकलंच म्हणायचं ना?

नाही. हा प्रश्न थ्रेड्सबद्दलचा असतो, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटानं काढलेल्या नेटवर्कबद्दलचा. ५ जुलै २०२३ रोजी ते सुरू झालं आणि पाच दिवसांत १० कोटी लोकांनी नोंदणी केली. पण त्याला शून्यातून सुरुवात करावी लागली नव्हती. इन्स्टाग्रामचं खातं असलेल्या माणसाला एक-दोन बटणं दाबून आत येता येत होतं, नाव, फोटो आणि आपण ज्यांना फॉलो करतो त्यांच्या यादीसकट. आपलाच गोतावळा कंपनीनं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आणला.

आणि तरीही नव्याचे नऊ दिवस संपलेच. महिना व्हायच्या आत मेटाचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं की निम्म्याहून अधिक लोक परत आलेले नाहीत. पुढे थ्रेड्स वाढलं. ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याला ४० कोटींहून अधिक लोक ते वापरत असल्याचं कंपनीनं सांगितलं. पण ती वाढ पहिल्या पाच दिवसांची नव्हे, नंतरच्या दोन वर्षांची आहे.

नोंदणीचा आकडा हा उत्सुकतेचा आकडा असतो. तिसऱ्या महिन्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारी किती जण येऊन काहीतरी लिहितात, मी तेवढंच विचारते.

लोक जुन्या नेटवर्कवर भडकले की नव्याला आयती संधी मिळते, नाही का?

संधी मिळते. ती टिकवणं फार अवघड.

एलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ४,४०० कोटी डॉलरला ट्विटर घेतलं तेव्हा मॅस्टोडॉनकडे लोंढा वळला. अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून बनलेलं हे नेटवर्क २०१६ पासून होतं, पण पहिल्याच पायरीवर ते विचारायचं, ‘कुठल्या सर्व्हरवर खातं उघडायचं?’ घाईनं निघालेला माणूस तिथेच अडायचा. वर्षअखेरीस महिन्याचे सक्रिय युजर सुमारे २५ लाखांपर्यंत चढले आणि नंतर ओसरले. ब्राझीलमध्ये ३० ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाच्या आदेशानं एक्स (ट्विटरचं नवं नाव) बंद झालं तेव्हा काही दिवसांत २० लाखांहून अधिक लोक ट्विटरसारख्याच ब्लूस्कायवर आले. हे उदाहरण वेगळं आहे, कारण तिथे मागे वळायला घरच उरलं नव्हतं आणि अख्खा समाज एकाच वेळी निघाला होता. ८ ऑक्टोबरला बंदी उठली तेव्हा बरेच जण परतले, पण काही वर्तुळं ब्लूस्कायवर रुजली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्लूस्कायनं दोन कोटींचा टप्पा ओलांडला.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं गोपनीयतेच्या अटी बदलायचं जाहीर केलं तेव्हाचा गोंधळ अनेकांना आठवत असेल. टेलिग्रामनं ७२ तासांत अडीच कोटी नवे लोक आल्याचं सांगितलं. सिग्नलवर इतकी झुंबड उडाली की १५ जानेवारीला त्याची सेवाच काही काळ कोलमडली. व्हॉट्सअ‍ॅपनं तारीख मे महिन्यापर्यंत पुढे ढकलली. सिग्नल आणि टेलिग्राम दोन्ही त्यातून मोठी झाली, पण व्हॉट्सअ‍ॅप रिकामं झालं नाही. २०२५ मध्ये त्यानं ३०० कोटींचा आकडा गाठला.

रागातून झालेलं खरं स्थलांतर म्हणजे डिग. ऑगस्ट २०१० मध्ये डिगनं चौथी आवृत्ती आणली, जुन्या सोयी काढल्या आणि मोठ्या प्रकाशकांना झुकतं माप दिलं. युजरांनी निषेध म्हणून डिगचं पहिलं पान रेडिटच्या लिंक्सनी भरून टाकलं. आणि ते गेले. दोन वर्षांत डिगचा डोलारा सुमारे पाच लाख डॉलरला विकला गेला. पण डिगवर मित्रांचं जाळं फारसं नव्हतंच. लोक तिथे लिंकसाठी यायचे, आणि त्या रेडिटवरही मिळत होत्या. नातं जितकं पातळ तितकं हलणं सोपं.

आमचा ग्रुप पहिल्यांदा हलला तोही रागानं. ज्या नेटवर्कवर आम्ही होतो तिथे पोस्टचा क्रम बदलला. सकाळी टाकलेला फोटो कुणाला तीन दिवसांनी दिसायचा, तोवर पाहुणा पक्षी निघून गेलेला. मी नव्या जागी ग्रुप उघडला, लिंक टाकली. साठेक जणांतले चाळीस पहिल्याच संध्याकाळी आले. मला वाटलं, झालं काम. पण आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. कितीही धूसर फोटो टाका, सर पक्षी ओळखतात. सर आले नाहीत. नवीन अ‍ॅप, नवीन पासवर्ड, ‘नंतर बघू’ म्हणाले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी नव्या जागी एक तपकिरी पाठीचा फोटो टाकून विचारलं, हा कोण? चौघांनी चार नावं सांगितली. मग तोच फोटो जुन्या जागी गेला, सरांना विचारायला. दोन आठवड्यांत नव्या ग्रुपवर शेवटची पोस्ट माझी स्वतःची होती.

‘जाहिराती नाहीत’, ‘तुमची माहिती विकत नाही’ एवढ्यावर लोक येतील का?

थोडे येतात, आणि ते मनापासून येतात. २०१० मध्ये न्यू यॉर्कच्या चार विद्यार्थ्यांनी डायस्पोरा नावाच्या नेटवर्कसाठी लोकवर्गणीतून दोन लाख डॉलर जमवले. २०१४ मध्ये जाहिरातमुक्त एलो आलं, २०२३ मध्ये ते बंद झालं. तत्त्व चांगलंच होतं आणि मी त्या बाजूची आहे. पण तत्त्वासाठी आलेल्या माणसालाही संध्याकाळी कुणाशी तरी बोलायचं असतं.

टिकटॉकनं हे सगळं खोटं ठरवलं नाही का?

अंशतः ठरवलं, आणि म्हणून ते नीट पाहायला हवं. बाइटडान्सनं चीनमध्ये २०१६ साली डोयिन काढलं, बाहेरच्या जगासाठी टिकटॉक आणलं, २०१७ मध्ये म्युझिकली विकत घेतलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये दोन्ही एकत्र केली. उघडल्याबरोबर व्हिडिओ सुरू. मित्र नकोत, फॉलोअर नकोत. तुम्ही कुठे थांबलात, काय पुढे सरकवलंत यावरून पुढचं ठरतं. रिकाम्या पानाचा प्रश्नच त्यांनी काढून टाकला. एकटा आलेला माणूसही पहिल्या मिनिटाला रमतो.

जुन्यांचा सर्वांत मोठा तट म्हणजे मैत्रीचं जाळं. टिकटॉक त्या तटावर चढलंच नाही, बाजूनं गेलं. पण याला दुसरी बाजू आहे. जिथे जाळं लागत नाही तिथून बाहेर पडायलाही काही अडवत नाही. भारतात २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि काही दिवसांतच इन्स्टाग्रामनं इथे रील्स उघडलं. बघणारे लोक फार न रडता तिकडे वळले. हाल झाले ते व्हिडिओ बनवणाऱ्यांचे, त्यांना फॉलोअर पुन्हा एकापासून मोजावे लागले.

बनवणारे लोक आले की बघणारे आपोआप येतात का?

बऱ्याच अंशी. उलट दिशेनं तर नक्कीच: बनवणारे गेले की जागा ओस पडते. ट्विटरचं वाइन जानेवारी २०१३ मध्ये आलं, सहा सेकंदांच्या व्हिडिओंनी गाजलं. पण ते करणाऱ्यांना तिथे कमाईची वाट सापडली नाही, ते यूट्यूब आणि इन्स्टाग्रामकडे गेले, आणि जानेवारी २०१७ मध्ये वाइन मिटलं.

या सगळ्यात जुनी कंपनी हातावर हात ठेवून बसते का?

कधीच नाही. तिच्याकडे तीन उपाय असतात आणि ती बहुतेकदा तिन्ही वापरते.

एक, उचलणं. स्नॅपचॅटनं ‘स्टोरीज’ २०१३ मध्ये आणल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये इन्स्टाग्रामनं त्याच नावानं त्याच आणल्या, आणि श्रेय स्नॅपचॅटचं आहे हे इन्स्टाग्रामचे सहसंस्थापक केविन सिस्ट्रॉम यांनी उघड मान्य केलं. एप्रिल २०१७ पर्यंत इन्स्टाग्रामवर रोज २० कोटी लोक स्टोरीज वापरू लागले होते, स्नॅपचॅटच्या एकूण रोजच्या युजरांपेक्षा जास्त. तरी स्नॅपचॅट मेलं नाही. तरुण मुलांची जवळच्या मित्रांशी होणारी रोजची बोलणी तिथे होती, ती उचलता आली नाहीत. वैशिष्ट्य चोरता येतं, बसलेली सवय चोरता येत नाही.

दोन, विकत घेणं. फेसबुकनं इन्स्टाग्राम घेतलं २०१२ मध्ये १०० कोटी डॉलरला, तेव्हा तिथे १३ कर्मचारी होते. व्हॉट्सअ‍ॅप २०१४ मध्ये १,९०० कोटींना. २००८ च्या एका ईमेलमध्ये झुकरबर्ग यांनी लिहिलं होतं की स्पर्धा करण्यापेक्षा विकत घेणं बरं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं याच खरेद्यांवरून डिसेंबर २०२० मध्ये खटला भरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी मेटाच्या बाजूनं निकाल दिला, टिकटॉक आणि यूट्यूब हे तिचे खरे स्पर्धक आहेत हे धरून.

तीन, वाट अडवणं. याची चर्चा सर्वांत कमी होते आणि मला हेच सर्वांत जास्त खटकतं. नव्या नेटवर्कला हवी असते ती एकच सोय: तुमचे जुने मित्र इथे कोण कोण आहेत ते दाखवणं. ट्विटरनं २०१२ मध्ये इन्स्टाग्रामची ही सोय तोडली. जानेवारी २०१३ मध्ये वाइन सुरू झाल्याबरोबर फेसबुकनं त्याची तोडली, तेही झुकरबर्ग यांच्या होकारानं. ती अंतर्गत कागदपत्रं ब्रिटिश संसदेच्या समितीनं २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरनं दुसऱ्या नेटवर्कांवरच्या आपल्या खात्याची जाहिरात करायलाच बंदी घालणारा नियम आणला, आणि ओरड झाल्यावर लगेच मागे घेतला. आपले मित्र कुठे गेले हे आपल्याला कळू न देणं, याला मी स्पर्धा म्हणत नाही.

‘फक्त निमंत्रणावर प्रवेश’ ही युक्ती चालते का?

सुरुवातीला चालते. ओळखीच्यानं ओळखीच्याला बोलावलं की गोतावळा आपोआप जमतो. पण दार किती दिवस अर्धवट उघडं ठेवायचं याला मर्यादा आहे. बोलून गप्पा मारायचं क्लबहाउस २०२० मध्ये निमंत्रणावर आणि फक्त आयफोनवर आलं. अँड्रॉइडवर पोचायला मे २०२१ उजाडला, निमंत्रणाची अट जुलैत गेली. तोवर ट्विटरनं तशाच गप्पांसाठी स्पेसेस आणलं होतं आणि टाळेबंदीतला रिकामा वेळही संपत आला होता.

जुन्या नेटवर्कवरचं आपलं सगळं नव्यावर नेता येतं का?

सामान नेता येतं, शेजार नेता येत नाही. युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्यानं आपली माहिती उतरवून घ्यायचा हक्क दिला. फाइल मिळते, त्यात आपले फोटो आणि पोस्ट असतात. पण आपल्याला फॉलो करणारी माणसं फाइलमधून उचलून दुसरीकडे ठेवता येत नाहीत. युरोपच्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टनुसार व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेंजरला इतर मेसेजिंग सेवांशी जोडून घ्यावं लागतं. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या फीडला मात्र ते बंधन नाही.

मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो आणि दुसऱ्या कंपनीच्या माणसाला फोनही लागतो. मॅस्टोडॉनमागचं अ‍ॅक्टिव्हिटीपब, ब्लूस्कायमागचं एटी प्रोटोकॉल या नेटवर्कांना एकमेकांशी जोडणाऱ्या खुल्या नियमावल्या त्याच दिशेचे प्रयत्न आहेत. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मात्र मागे राहतात. हे अपुरं आहे, पण माझी सगळ्यात जास्त आशा यावरच आहे. असं झालं तर चांगलं नेटवर्क निवडायला सगळ्या मित्रांना एकाच दिवशी मनवावं लागणार नाही.

दोन्हीकडे खातं ठेवलं तर?

बहुतेक लोक तेच करतात, आणि नव्याला टिकायला हे पुरेसं असतं. जुनं सोडायची अट घालणारं नेटवर्क मात्र स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतं.

एखाद्या देशातला वाद किंवा स्वभाषेचा आग्रह नव्या नेटवर्कला तारतो का?

पहिला धक्का देतो. भारतात ट्विटरसारखं कू २०२० मध्ये सुरू झालं आणि २०२१ मधल्या सरकार-ट्विटर वादानंतर मंत्री आणि सरकारी खाती तिथे गेली. भारतीय भाषांची सोय चांगली होती. पण ज्यांना उत्तर द्यायचं, ज्यांच्याशी वाद घालायचा ते बरेच जण ट्विटरवरच राहिले. जुलै २०२४ मध्ये कू बंद झालं. भाषेची ती सोय वाया गेली याचं मला खरंच वाईट वाटतं.

आमच्या ग्रुपला हलायचं आहे. काय करावं?

लिंक टाकून ‘सगळे इकडे या’ म्हणू नका. आधी कागदावर लिहा: कुणाच्या उत्तरासाठी लोक इथे येतात? ती नावं चार-पाचच निघतील. त्यांना एकेकट्याला विचारा, त्यांना काय अडतंय ते ऐका. ती तयार झाल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. तारीख ठरली की जुना ग्रुप लगेच पुसू नका, वाचण्यापुरता उघडा ठेवा, म्हणजे मागे राहिलेल्याला वाट दिसते. नव्या जागी पहिला महिना प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळेल याची जबाबदारी कुणीतरी अंगावर घ्या.

दुसऱ्या खेपेला मी हे केलं. एका संध्याकाळी सरांकडे जाऊन बसले. त्यांचा फोन जुना होता, त्यातल्या जागा अडवून बसलेल्या व्हिडिओंची सफाई केली, अ‍ॅप टाकलं, अक्षरं मोठी केली, पासवर्ड त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहवून घेतला. नोटिफिकेशनचा आवाज पक्ष्याचा हवा म्हणाले, तोही लावून दिला. इतर चौघांशी फोनवर बोलले. मग आठवडाभर जुन्या जागी एवढंच सांगत राहिले की येत्या रविवारपासून सर तिकडे उत्तरं देतील.

रविवारी सकाळी सव्वासातला नव्या ग्रुपवर पहिला फोटो पडला. तारेवर बसलेलं काहीतरी करडं, उन्हाविरुद्ध काढलेलं, चेहरा अंधारात. चार मिनिटांनी खाली सरांची ओळ आली: “शेपूट दिसेल असा दुसरा फोटो आहे का?”